शनिवारचं स्टूल

चार डॉक्टर जमले की किस्से निघतातच. बाकीचे डॉक्टर वाचवलेल्या पेशंटांचे सांगतात. आम्ही सोलापूरला तात्यासाहेबांच्या दवाखान्यात शिकलेले लोक मात्र चुकांचे सांगतो, आणि तेही छाती फुगवून!

तिथली पद्धतच तशी. शनिवारी दुपारी पेशंट संपले की ड्रेसिंगच्या खोलीत चहा यायचा. एकेकानं मधल्या स्टुलावर बसायचं, आठवड्यातली आपली चूक सांगायची आणि ती स्वतःच निस्तरायची. चहाचा पहिला कप त्याला! चूक लपवणाऱ्याला मात्र तात्यासाहेब सोलून काढायचे.

*

मुंबईहून नवे आलेले डॉक्टर देव पहिल्या शनिवारी ऐटीत म्हणाले, "माझी या आठवड्यात एकही चूक नाही."

"वा!" तात्यासाहेब म्हणाले. "सिस्टर, यांचे सगळे पेशंट सोमवारी मला परत दाखवा!"

*

आमच्या सखूसिस्टरनी एकदा भलत्यालाच एरंडेल पाजलं. पेशंट विडी ओढायला बाहेर गेलेला, आणि बार्शीहून भेटायला आलेला त्याचा मेहुणा कॉटवर आडवा झालेला.

"अहो, बोलायचं नाही का?" सिस्टरनी मेहुण्याला विचारलं.

"मला वाटलं, भेटायला येणाऱ्याला बी देत्यात की!"

तेव्हापासून आधी नाव, मग औषध. सिस्टर पुढे मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन झाल्या. तिथंही त्यांनी हाच नियम लावला.

*

एकदा एक गोरे साहेब दवाखान्याच्या सरकारी तपासणीला आले. म्हणाले, "इथे चुका फार होतात, असं ऐकतो."

"होतात सगळीकडेच, साहेब," तात्यासाहेब म्हणाले. "इथं सांगतात!"

*

शेवटचा किस्सा खरं तर मल्लय्या विणकरानंच सांगायचा. पण त्याला मागावरून उठायला फुरसत नसते, म्हणून मी सांगतो.

त्याचा मोडलेला पाय खुद्द तात्यासाहेबांनी बसवला होता. प्लास्टर काढलं तर हाड वाकडं जुळलेलं. त्या पायानं मागाची पावडी दाबता येईना, आणि घर तर त्या मागावरच चालायचं.

शनिवारी तात्यासाहेब मल्लय्यासमोर स्टुलावर बसले.

"चूक माझी आहे, मल्लय्या. हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल. आता माझ्यावर सोडू नकोस. पुण्याला मोठे सर्जन आहेत, मी स्वतः घेऊन जातो."

चहाला कुणी हात लावला नाही.

"त्या पुण्याच्या डाक्टरला ठावं हाय का, कुटं चुकलं ते?" मल्लय्यानं विचारलं.

"नाही."

"तुमाला?"

"मला आता कळलंय."

मल्लय्यानं धोतर वर सारलं आणि पाय पुढे केला.

"मग तुमीच करा की!"