मास्तरांची काळी पँट

आमचे मास्तर चाळीस वर्षं कपडे शिवतायत. आधी पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, मग गिऱ्हाइकानं अंगावर घालून बघायचं, आणि मगच मशीन मारायची. मंत्री आला तरी यात फरक नाही. नवरा आहे माझा, पण सगळी गल्ली मास्तर म्हणते म्हणून मीही तेच म्हणते.

त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर सापडलाय. ऑपरेशन करा नाहीतर रेडिएशन घ्या, तुमच्या बाबतीत गुण सारखाच. ठरवायचं तुम्ही." ऑपरेशन म्हणजे एकदाच काय ते, पण पुढे काही महिने, कुणाकुणाला कायमची, लघवी गळते. रेडिएशनमध्ये ती भीती कमी, पण पोटाचा त्रास होऊ शकतो आणि सात आठवडे रोज हेलपाटे.

पंधरा दिवस, कधीही विचारलं की मास्तरांचं एकच, "बघू." त्या "बघू"नं माझं डोकं फिरायचं.

एकदा पुढच्या खोलीत, म्हणजे त्यांच्या दुकानात, चहा घेऊन गेले तर मशीनवर काळी पँट. माप त्यांचंच. आत दुहेरी अस्तर, मध्ये कापूस भरलेला. उलटून पाहिली. कच्चा टाका एकही नाही, सगळी पक्की शिलाई! ठरवून मोकळे झाले होते, मला न विचारता.

"ऑपरेशन ना? घालून न बघताच शिवलीत?"

"एकदाच काय ते होऊन जाईल," मास्तर दोरा ओवत म्हणाले. सुईत जाईना.

"भीती वाटत नाही?"

"वाटते गं. माप घ्यायला वाकलो आणि ओलं झालं तर? गिऱ्हाइकासमोर?"

"मग रेडिएशन का नको?"

"दोन बस बदलायच्या, वर दवाखान्यासमोरचा तो जिन्यांचा पूल. रोज. तू काही घरी बसायची नाहीस. आणि तुझा गुडघा..."

अस्सा संताप आला! "माझ्या गुडघ्यापायी तुम्ही ओल्या पँटीत फिरणार? गुडघा माझा आहे, त्याचं मी बघून घेईन!" ओरडता ओरडता मलाच रडू फुटलं. मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते.

"गुडघा धड असता तर काय घेतलं असतं?"

"रेडिएशन."

"मग झालं तर!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि पँट उसवायला घेतली. दुपारी मला खुर्चीत बसवून टेप गुडघ्याभोवती धरली. दोनदा मोजलं. संध्याकाळी हातात आणून दिला तो गुडघ्याचा पट्टा, त्याच अस्तराचा, आत तोच कापूस. कडेनं पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके.

"उद्या पूल चढून बघ," म्हणाले. "काचला तर सांग. मग मशीन मारतो."