पायांतला लग्नाचा ठेका

"कोन गेलं?" फाटक उघडता उघडता बायकोने विचारलं.

मी सायकल ओट्याला टेकवून धापा टाकत होतो. कोणीही गेलेलं नव्हतं. मी कळंबच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलो होतो आणि खरं सांगायचं तर शाबासकीची वाट बघत होतो.

"मंग असं का चालवताय? वळनापासून बघतेय मी. एक पाय, मंग थांबून दुसरा पाय. शवपेटीच्या मागून निघाल्यासारखं."

राग आला. ती किनाऱ्यावरच्या कोळी गावातली; तिच्या बोलण्यात 'ण' नसतो आणि आडपडदाही नसतो. मी पाणी प्यायलो आणि गुडघे चोळत बसलो.

हा सायकलचा खटाटोप सुरू झाला होता तो ढोलापायी. आमच्या गावच्या बॅण्डमध्ये मी तीस वर्षं मोठा ढोल वाजवतोय. नोकरी शाळेच्या ऑफिसात क्लार्कची केली, पण गावात मला कोणी क्लार्क म्हणून ओळखत नाही. आम्हां ख्रिस्ती लोकांत नवरीला घरून चर्चला न्यायला बॅण्ड लागतो आणि चर्चमधून मांडवात आणायलाही लागतो. माणूस गेला तर त्याला दफनभूमीपर्यंत पोचवायलाही तोच बॅण्ड, फक्त ठेका संथ. धाकटा भाऊ ट्रम्पेट वाजवतो आणि बॅण्डही तोच सांभाळतो.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत मी पोट कमावलं आणि दम घालवला. जानेवारीतल्या एका लग्नात तळ्याच्या वळणावर मला थांबावंच लागलं. ढोल थांबला तशी वरात विस्कटली. पुढचे नाचतच राहिले, मागचे गप्पा मारत उभे राहिले. नवरीच्या मामाने कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि भर रस्त्यात, ढोल मांडीवर घेऊन मी तिच्यात बसलो. नवरी झगा सावरत येऊन विचारायला लागली, "अंकल, बरं वाटतंय ना?" तिच्या लग्नात तिने मला विचारायचं! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आला. बराच वेळ आंब्याच्या मोहराबद्दल बोलला. मग म्हणाला, "दादा, ईस्टरनंतरच्या रविवारी पुढचं मोठं लग्न आहे. तोवर तब्येतीचं बघ. नाही जमलं तर तू झांज घे. ढोलासाठी विरारचा एक जण तयार आहे."

झांज! झांजेला मी कमी लेखत नाही असं लिहिणार होतो, पण लेखतो. ढोल गळ्यातून उतरला की गावात मी कोण उरतो, हे मला कळेना. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि मी जेवण सोडणाऱ्यातला नाही.

सुदैवाने उपवासकाळ तोंडावर होता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्यात लग्नं होत नाहीत, त्यामुळे तेवढे आठवडे हातात होते. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत मुलगी राहते. तिच्या गॅलरीत जावयाची गिअरवाली सायकल ओले टॉवेल वाळवायच्या कामी येत होती. ती मी आणली.

आणली आणि पहिल्या दिवसापासून सर्वांत जड गिअरवर चालवली. पाय नुसते भरभर फिरले तर व्यायाम कसला, जोर लागला पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट पार खाली घेतली होती. तीन आठवड्यांत गुडघे बोलायला लागले आणि दम होता तिथेच राहिला. मुलीकडे जाताना वसईच्या उड्डाणपुलावर तर अर्ध्या चढावर उतरलो आणि फोन आल्याचं नाटक करत सायकल ढकलत नेली.

अशा दिवसांत बायकोने ते 'कोन गेलं' विचारलं. मी तणतणत अंघोळीला गेलो. बादली भरेपर्यंत बोटं मांडीवर ठेका धरत होती, ती खोड जुनीच आहे. मी बोटांकडे बघितलं. बाई बरोबर बोलत होती. बोटं मयताचा ठेका वाजवत होती. उपवासकाळ लागल्यापासून लग्नं बंद होती, पण माणसं जायची थांबत नाहीत. तेवढ्या दिवसांत आम्ही तीन मयतं वाजवली होती. तो ठेका हातांतून पायांत उतरला होता आणि मी रोज सकाळी त्याच्यावरच कळंबला जाऊन येत होतो.

टॉवेल गुंडाळूनच मुलीला फोन लावला आणि पाय किती वेगाने फिरवायचे ते विचारलं.

"पप्पा, मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या," ती म्हणाली. "हलका गिअर टाका आणि पाय पटपट फिरवा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं असेल. पण नव्वद म्हटल्यावर मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. नवरा-नवरी चर्चच्या पायऱ्या उतरतात तेव्हा आम्ही जो ठेका धरतो, तो जवळपास तेवढाच.

दुसऱ्या दिवशी गिअर हलका करून तोंडाने लग्नाची धून म्हणत निघालो. पहिला अर्धा तास सीटवर नुसता उडत होतो. पाय वेगळे, धून वेगळी. मग लक्षात आलं, की पेडल मी पार तळाला जाईपर्यंत दाबून धरतोय. ढोलावर टोला दिला की काठी लगेच उचलायची असते. दाबून ठेवली तर आवाज तिथेच मरतो. हे मी किती जणांना ओरडून शिकवलंय. आणि माझा वर येणारा पाय पोत्यासारखा पेडलवर पडून होता. म्हणजे एका पायाने मी दुसऱ्याला उचलून नेत होतो! त्या दिवसापासून पाय वर येताना हलका सोडायला लागलो. सायकलवाल्याकडून सीट उंच करून घेतली. पेडलवर तळव्याचा मधला भाग टेकवायचो, तिथे चवडा टेकवायला लागलो. चढ यायच्या आधीच गिअर उतरवायचा, पाय अडल्यावर नाही, हेही कळलं.

गुडघ्यांची कुरकुर आठवडाभरात थांबली. गावातून मात्र मी धून म्हणतच जात असे. चर्चला निघालेल्या एका मावशींनी एकदा मला अडवलंच. "उपवासकाळात लग्नाची गाणी?" मी म्हटलं, "मावशी, मी नाही, पाय वाजवतात." त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली असणार.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात उड्डाणपूल सायकलवरून न उतरता चढलो. वर पोचल्यावर मला एकट्यालाच हसू फुटलं. घरी आलो तर बायको फाटकात उभी.

"आज कोनाचं लगीन?" तिने विचारलं. शाबासकी म्हणतात ती हीच.

ईस्टरनंतरच्या रविवारी ढोल गळ्यात घातला. भाऊ ट्रम्पेट पुसत पुसत माझ्याकडे बघत होता. विरारचा तो माणूसही आला होता, पाहुण्यासारखा, इस्त्रीच्या शर्टात. चर्चपर्यंत नीट गेलो. परत येताना तळ्याचं वळण दिसलं आणि मी मनात म्हटलं, आज खुर्ची नको. काठी उचलली, टोला दिला, पुन्हा उचलली. दम शाबूत होता. इतका, की पायांना लागलेल्या सवयीने हातही पुढे पळायला लागले आणि ठेका कधी चढला ते मला कळलंच नाही. नाचणाऱ्या काकवा कमरेवर हात ठेवून बाजूला झाल्या. मग ट्रम्पेट एक सूर चुकला, दुसरा गिळला आणि बंद पडला.

कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. तिच्यात भाऊ बसला.

"दादा," तो धापा टाकत म्हणाला, "ठेका जरा खाली घे."

"घेतो," मी म्हटलं. "तोवर तू झांज घे."

तो हसला आणि उरलासुरला दम त्यातच गेला. मी ठेका खाली घेतला, वरात पुन्हा सावरली, आणि मांडवापर्यंत ढोल माझ्याच गळ्यात होता. विरारचा माणूस जेवून गेला.

सोमवारी सकाळी मी सायकल बाहेर काढत होतो. वळणावरून भाऊ येताना दिसला, कुणाची तरी सायकल मागून आणलेली. सीट पार खाली, गिअर सर्वांत जड. एक पाय, मग थांबून दुसरा पाय. तो फाटकाशी पोचेपर्यंत बायको ओट्यावर येऊन उभी राहिली होती.

"काय भावजी," तिने विचारलं, "कोन गेलं?"