सहाव्या फॉर्म्यातली बाई

आमची आत्या बाइंडिंगच्या कारखान्यात काम करते. छापून, घडी घालून आलेल्या कागदाला तिथे फॉर्मा म्हणतात. एका फॉर्म्यात सोळा पानं. लांब टेबलावर फॉर्म्यांच्या थप्प्या क्रमाने मांडलेल्या असतात आणि आत्या टेबलाभोवती चालत प्रत्येक थप्पीतला एकेक उचलते. एक फेरी झाली की हातात एक पुस्तक. आयुष्यभर ती अशी गोल गोल फिरली आणि कुठेच पोचली नाही. हे माझं म्हणणं. तिची काही तक्रार नाही. तक्रार करायला माणूस आधी कोणाला तरी दिसावा लागतो.

ती आमच्याकडे आली तेव्हा मी लहान होते. नवरा गेल्यावर एका दुपारी, न कळवता, पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आईने चहा टाकला. त्यानंतर ‘किती दिवस?’ असं कोणी विचारलं नाही आणि ‘इथेच राहा’ असंही कोणी म्हटलं नाही. आत्या राहिली. पावलांचा आवाज नाही, बोलण्याचा नाही. खोलीत आपण एकटेच आहोत अशा समजुतीत गाणं म्हणावं आणि मग भिंतीशी कपड्यांच्या घड्या घालणारी आत्या दिसावी, असं कितीदा तरी झालं. माझ्या मैत्रिणी दचकायच्या. घरातल्यांनी दचकणंही सोडून दिलं होतं.

पुढे माझं लग्न झालं, आईबाबा गेले. यंदा दादाने घर विकायला काढलं. नवा फ्लॅट दोन खोल्यांचा. आत्याने कुठे जायचं हा विषय कोणी काढेना, आणि मला त्याचाच घोर लागला होता.

त्याच सुमारास मी शाळेत माझ्या वर्गाला एक कादंबरी वाचायला लावली. नदीकाठच्या एका घड्याळजीच्या कुटुंबाची साधीसुधी गोष्ट. मुलांच्या सगळ्या प्रती आत्याच्या कारखान्यात बांधलेल्या, त्याचा मला कोण अभिमान! वाचून झाल्यावर बाक जोडले, वर लांबलचक कागद अंथरला आणि सांगितलं, हे पुस्तक तुमच्यासाठी काय आहे ते सगळ्यांनी मिळून लिहा. एकाने वाक्य लिहायचं, दुसऱ्याने तेच पुढे न्यायचं. नावं घालायची नाहीत.

एरवी आमचा वर्ग म्हणजे नुसता बाजार. त्या दिवशी पेनांच्या कुरकुरीखेरीज आवाज नाही. मी खूश. मग कागद वाचायला घेतला.

“हे पुस्तक म्हणजे आमच्यासाठी ती बाई. ती ओल्या चपला हातात घेऊन आत येते. सगळ्या खोल्यांतून फिरते आणि चुलीपाशी बसते. मग ते लोक जेवायला येतात आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. ती गेली असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून पुढचं सगळं आम्ही ती तिथेच आहे असं धरून वाचलं. घड्याळजी रडतो तेव्हा ती बघत असते. लग्न होतं तेव्हाही. आता आम्ही स्वतःच्या घरीसुद्धा स्वयंपाकघरात जाण्याआधी डोकावून बघतो.”

त्या पुस्तकात अशी बाईच नाही. मला वाटलं, कार्ट्यांनी न वाचताच ठोकून दिलं. पण सगळ्यांनी मिळून एकच थाप कशी मारावी? मी एका मुलीची प्रत उघडली. ऐंशीव्या पानाच्या शेवटी दार वाजतं. माझ्या जुन्या प्रतीत दारात पोस्टमन असतो. इथे एक्क्याऐंशीव्या पानावर ओल्या चपलांची बाई होती. सोळा पानं ती एकटीच घरात वावरत होती, आणि सत्त्याण्णवपासून पुन्हा घड्याळजीचं कुटुंब, मध्ये काही घडलंच नाही असं. सहावा फॉर्मा दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकाचा होता. सगळ्या प्रतींत.

“चुकीची पानं आलीत. दुरुस्त करून आणते,” मी म्हटलं आणि गोळा केलेल्या प्रती शेवटच्या बाकाच्या मोकळ्या टोकावर ठेवायला गेले.

“मॅडम, तिथे नको,” एक मुलगी हळूच म्हणाली. कोणीही हसलं नाही.

कारखान्याच्या मालकांनी आत्याला सुनावलं, चूक तुमची, निस्तरा तुम्हीच. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी त्या प्रती घेऊन माहेरी गेले. आत्याने योग्य फॉर्मे आणून ठेवले होते. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ती शिलाई उसवायला लागली. मी तिला मुलांचा कागद वाचून दाखवला. तिचे हात थांबले.

“मग ती गेली कुठे?”

“कुठेच नाही. पुढे तिचा उल्लेखच नाही.”

“म्हणजे आहे,” आत्या म्हणाली. मग उसवलेल्या फॉर्म्यावर हात ठेवून, “मला कळलं होतं गं. कागद जाड लागला हाताला. ही परकी आहे, हे पहिल्याच फेरीत कळलं. पण तिची थप्पी कुठली, ते कुठे माहीत होतं? म्हटलं, आली आहे तर असू दे.”

खरं सांगते, मला तिची भीती वाटली. माझ्या सख्ख्या आत्याची.

बाहेरून दादाने हाक मारली. टेबलावर फ्लॅटचा नकाशा पसरला होता. ही आमची खोली, ही मुलांची, इथे फ्रिज, इथे चपलांचं कपाट. चपलांनाही जागा होती.

“आणि आत्या?” मी विचारलं.

“बघू काहीतरी,” दादा म्हणाला. “आत्तापासून कशाला डोक्याला ताप?”

वहिनी उठली, स्वयंपाकघरात डोकावली, दिवा बंद केला आणि दार ओढून घेतलं.

“वहिनी! आत्या आहे आत!”

“अगं बाई! मी बघितलं की. कोणीच दिसलं नाही मला.”

मी धावत जाऊन दिवा लावला. आत्या होती तिथेच बसली होती. हाक मारली नव्हती, की सुई थांबवली नव्हती. काळोखात तिचं काम चालूच होतं आणि टाके अगदी सरळ पडले होते. काढलेले फॉर्मे तिने मांडीवर घेतले होते.

मला रडू फुटलं. “आत्या, तू माझ्याकडे चल. आजच चल.”

तिने सुई शिलाईत खोचून ठेवली.

“येईन,” ती म्हणाली. “पण आज नको. आधी तू घरी जा. नवऱ्याला सांग, पोरांना सांग, मी येणार आहे म्हणून. न सांगता आत आलेल्या बाईला कोणी ‘जा’ म्हणत नाही गं, पण ‘ये’ म्हणायचंही राहून जातं.”