आत्याची खानावळ आणि भागीचा पगार

गिरगावातल्या छापखान्यात मोर्चाच्या पत्रकाची मुद्रितं तपासत होतो, तेव्हा धाकू दारात येऊन उभा राहिला. धाकू गिरणीत साचे चालवतो आणि माझ्या आत्याच्या खानावळीत जेवतो. "आत्या गेली रे," एवढंच म्हणाला. चुलीपुढे बसली होती, बसल्या जागी मान कलली... शाईच्या हातांनीच मी त्याच्याबरोबर काळाचौकीला निघालो. चाळीच्या जिन्यात माणसं मावत नव्हती आणि जो तो एकच शब्द बोलत होता, अन्नपूर्णा. आत्याला हा शब्द मुळीच खपत नसे. "अन्नपूर्णा म्हटलं की कष्टाचे पैसे द्यायला नकोत," असं ती तोंडावर सुनवायची. म्हणून तिच्याविषयी लिहिताना मी तो वापरणार नाही.

नवऱ्यामागे आत्याने चाळीतल्या एका खोलीत खानावळ घातली. मदतीला भागी, आमच्याच गावची, नवऱ्याने टाकलेली. भागी पहाटेपासून भाकऱ्या थापायची, पण तिला पगार नव्हता. आसपासच्या खानावळींची रीतच तशी. थापणारी बाई घरचीच मानायची, दोन वेळा जेवण, सणाला लुगडं, संपलं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. आत्यालाही वाटलं नव्हतं.

त्या दिवसांत किमान वेतनाचा वाद पेटला होता. लहान कारखानदार म्हणत, पगार वाढवला तर धंदा बुडेल, माणसं बेकार होतील. त्यांना उत्तर देणारी आमची पत्रकं खानावळीत मोठ्याने वाचली जात. एका रविवारी पंगतीत धाकू तावातावाने म्हणाला, "माणसाला जगण्यापुरतं देता येत नसेल तर कारखाना बंद कर म्हणावं! अर्धपोटी माणसांच्या जिवावर धंदा कसला करतोस?" सगळ्यांनी माना डोलावल्या. चुलीकडून भागीचा आवाज आला, "मग माका किती, आत्ये?"

पंगत हसली. आत्या हसली नाही. तवा उतरवून ती बाहेर आली. "बरोबर बोलली ती. या महिन्यापासून भागीला पगार. आणि तुमचा दर वाढणार."

"आम्हाला परवडायचं नाही, आत्या," धाकू म्हणाला. "आमचा पगार वाढला की वाढव. आम्ही काय मालक आहोत?"

"तिच्या हातचं खातोस तोवर आहेस. आणि परवडत नसेल तर काय बंद करायचं, ते आत्ताच बोललास ना रे?"

निम्मी पंगत दुसऱ्या खानावळीत गेली, धाकू सगळ्यांच्या पुढे. मग चळवळीतले एक वजनदार गृहस्थ समजूत घालायला आले. "आत्याबाई, आधी मुंबईसह महाराष्ट्र मिळू द्या. आत्ता आपल्यातच फूट नको, मजुरीचं मग बघू." आत्या मोर्चात लाठी खाऊन आलेली बाई. तिला महाराष्ट्र कुणी शिकवायला नको होता. "मिळेल त्या दिवशी पेढे वाटाल," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या कोण थापणार? भागीच ना? मग तिचं आजच ठरू दे." गृहस्थ चहा न घेता उठले.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. आत्याने तांब्याची मोठी भांडी मोडीत काढली, पण भागीचा पगार चुकवला नाही. मी धास्तावलो होतो. खानावळ बुडाली तर कारखानदारांना आयतंच उदाहरण मिळेल, असं मी तिला म्हटलं. "बुडाली तर बुडाली," ती म्हणाली. "मीही कुणाकडे थापायला जाईन... पण पगार ठरवून जाईन!" तोवर हे आजूबाजूच्या खानावळींत पोचलं होतं. तिथल्या बायाही विचारू लागल्या, सगळीकडेच दर चढले, आणि गेलेली माणसं एकेक करून परत आली. वाढ सगळ्यांना एकदम लागू करा असा आग्रह आम्ही पत्रकांत धरतो, त्याचा अर्थ मला काळाचौकीच्या त्या खोलीत कळला. एकट्याने न्याय केला की त्याचं दुकान ओस पडतं, सगळ्यांना करायला लावला की कुणाचंच पडत नाही. परवडत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता आत्याची खोली दाखवणार आहे.

तेव्हापासून आत्याने एक शिरस्ता पाडला. पगाराच्या दिवशी पंगत बसली, ताटं मांडली, तरी वाढायचं नाही. आधी भागीला बाहेर बोलवायचं, सगळ्यांदेखत पगार तिच्या हातावर ठेवायचा, मग भात. आडोशाला दिलेल्या पैशाला उपकाराचा वास येतो, असं ती म्हणे. आता खानावळ भागी चालवते. रे रोडच्या वखारींजवळ राहणारी सुभद्रा थापायला येते. आत्या गेल्यानंतरचा पहिला पगाराचा दिवस परवा होता. पंगत बसली, मीही होतो. कोपऱ्यातून एकजण म्हणाला, "भागीबाय, आत्या होती तेव्हा ठीक होतं. आता राहू दे की ते. भूक लागलीय, वाढ."

"गप रे," धाकू खेकसला. "तुझा गिरणीवाला असं म्हणतो तेव्हा कसा बोंब मारतोस?"

भागीने दोघांकडेही पाहिलं नाही. पदराला हात पुसले आणि हाक मारली, "सुभद्रे, भायर ये गो." सुभद्रा पिठाच्या हातांनी आली, संकोचून उभी राहिली. भागीने पैसे तिच्या हातावर ठेवले. सुभद्रा ते पदरात बांधू लागली. पिठाने बोटं निसटत होती, गाठ बसत नव्हती... आणि ती बसेपर्यंत अख्खी पंगत रिकाम्या ताटांपुढे थांबून राहिली.