खळ्यावरची हमी

लासुर्ण्यातलं आमचं घर आणि तात्याचं घर यांच्यामध्ये एक जुनं खळं आहे. तात्या म्हणजे वडिलांचा धाकटा चुलतभाऊ. खळं कुणाचं, यावर त्याने दावा लावला, तेव्हा निकाल लागेपर्यंत तिथं काहीही बांधणार नाही, अशी हमी वडिलांनी कोर्टात दिली होती. तेव्हापासून दोन्ही घरं बोलत नव्हती.

यंदा आईच्या खुब्याचं हाड मोडलं. बारामतीत ऑपरेशन झालं, पण घरामागच्या संडासापर्यंत तिला दोघांनी धरून न्यावं लागे. दाराला लागून संडास बांधायचा, तर जागा फक्त खळ्यावर. म्हणून हमीतून मोकळं करा, असा अर्ज वडिलांनी इंदापूरच्या कोर्टात दिला. तारखेला मी कॉलेज बुडवून गेले. व्हरांड्यात मी तो अर्ज पहिल्यांदा वाचला. त्यात होतं, ‘वादी आकसापोटी संमती देत नाहीत.’

“दादा, तात्याला विचारलं होतं?” मी वडिलांना म्हटलं.

“इचारून काय? न्हायच म्हणणार त्यो.”

तेवढ्यात आमचा पुकारा झाला.

आत न्यायाधीशांनी तेच वाक्य मोठ्याने वाचलं आणि तात्याला विचारलं, “तुमची हरकत आहे?”

तात्या टोपी काढून उभा राहिला. “सायेब, मला कुणी इचारलंच न्हाय. वहिनी पडल्याचं गावातल्या लोकांकडनं कळलं. बांधू द्या की.”

वकील खाली बघू लागले, वडीलही. मला वाटलं, सगळे माझ्याचकडे बघताहेत. हमीतून मोकळीक मिळाली, पण मान वर होईना.

बाहेर तात्या वडिलांना म्हणाला, “दादा, इंदापूरच्या कोर्टाची वाट घावली. माझ्या दाराची न्हाय घावली व्हय?”

एसटीत तो पुढं बसला, आम्ही मागं. वडील लासुर्ण्यापर्यंत खिडकीबाहेरच बघत होते.

सकाळी उठले तर तात्या खळ्यावरची आपली कडब्याची गंज एकटाच हलवत होता. मी जाऊन पेंढ्या उचलू लागले.

“तुझा बाप कुठाय?”

“घरात हाय.”

“मग च्या ठेव म्हणावं. का त्याला बी अर्ज करू?”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आमचं दार उघडंच होतं. आत कपांचा आवाज झाला. पण वडिलांना बाहेर यायला फार वेळ लागला.