उजव्या पाकळीखालचं गंध

विश्राम गेल्याची खबर कर्जतहून त्याच्या मुलानं आणली, तेव्हा मी देवळात समया घाशीत होतो. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? “जाताना काही बोलला का?” बालमित्र गेल्यावर मला हेच विचारावंसं वाटलं, यावरून वाचकांनी मला ओळखावं.

मी खालापुराकडच्या एका गावचा गुरव. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्लेगच्या साली घराघरांत उंदीर पडू लागले आणि गावानं देवाला विचारलं, माळावर झोपड्या घालून राहायला जावं काय? माझ्या घरी हिचे दिवस भरत आले होते. थंडीत, उघड्या माळावर बाळंतपण… मी उजव्या पाकळीखाली गंधाचा ठिपका लावला. ती चिकटून राहिली, डावी पडली. गाव जागचं हललं नाही. त्याच पंधरवड्यात माझी मुलगी जन्मली आणि विश्रामची लेक सगुणा प्लेगनं गेली.

पुढं तो देवळात शिरेना. बाहेर पारावर बसायचा. एकदा म्हणाला, “गुरवा, मानसाचं डोकं त्याचं सोताचं असतं का रं?”

मला सुटकाच हवी होती. म्हटलं, “नाय रं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं, तसा मागचा विचार पुढच्याला ढकलतो. आपण मधे कुठंच नाय.”

“मंग बांधावर कुदळ घेऊन उभा असतो तो कोन, तुझा सासरा?”

मी हसलो. तो हसला नाही. तरी वर्षानुवर्षं मी मनाशी तेच घोटलं. हिची काळजी, थंडी, बापानं शिकवलेली हातचलाखी, या सगळ्यांनी मिळून माझं बोट गंधाकडे नेलं. एवढंच त्यात बसत नव्हतं, की ते बोट वाटीवर क्षणभर थांबलं होतं…

शेवटच्या भेटीत, कर्जतला मुलाच्या खोलीत, विश्राम सरळच म्हणाला, “तू गंध लावलंस ते मी पायलं व्हतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“भात खळ्यावर पडलं व्हतं. मलाबी जायाचं नवतं.” खोकल्याची उबळ गेल्यावर म्हणाला, “मी गप बसलो. कुनी बसवलं नाय. माझं मी घेतलं, गुरवा. तुझं तू घे.”

इतकी वर्षं मी त्याची कीव करीत होतो!

परवा त्याच्या घरी गेलो. त्याचं कांबळं खुंटीला तसंच आहे. सरूवहिनी ते रोज झटकतात आणि पुन्हा टांगतात. गूळपाणी देत म्हणाल्या, “भावजी, देवच ‘नाय’ म्हनला, मंग आपन काय करनार, असंच सांगायचे हे मला.”

म्हणजे बायकोपाशी त्यानंही आपलं घेतलं नव्हतं. मी गूळ चघळत राहिलो.

वहिनींना वाचता येत नाही, म्हणून हे लिहायला सोपं गेलं. त्यांचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे, दार दिवसभर उघडं असतं, आणि मला कुणी धरून ठेवलेलं नाही.