कुटीतला बिनकाट्याचा मासा

माझ्या धाकट्या जावेचा श्वास थांबला तेव्हा रुग्णवाहिका नगरच्या रस्त्याला लागली होती. छाती हलायची बंद झाली, ओठ जांभळे पडले. बरोबरच्या डॉक्टरने तिच्या नाकातोंडावर मास्क दोन्ही हातांनी आवळून धरला आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी माझ्याकडे सरकवली.

"आजी, मी म्हणेन तेव्हा दाबायची, मग सोडायची. थांबायचं नाही."

मी दाबली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. म्हणजे काम होत होतं.

समोर माझा दीर बसला होता, तिचा नवरा. त्याने तिचा हात उचलून सोडला. हात ओल्या फडक्यासारखा पडला. पापणी उचलून पाहिली, बुबुळ जागचं हललं नाही.

"वैनी, गेली ती," तो म्हणाला. "सोडा आता. कशाला हाल करायचे तिचे."

"तू डाक्टर हायेस का?"

"न्हाई."

"मग गप बस. रडायचं आसंल तर तिकडं तोंड करून रड. माझा हात चुकतोय."

डॉक्टर फक्त "दाबा" म्हणाला.

आम्ही दोघी जावा श्रीगोंद्याकडे कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्या एका गिरणीत कामाला होतो. तिथे मका येतो, सोयाबीनची पेंड येते आणि किनाऱ्यावरून ट्रकने सुकी मासळी येते. तिला कुटी म्हणतात. ट्रॉलरच्या जाळ्यात जे सापडतं त्यातलं ज्याला भाव मिळतो ते बर्फात जातं. ज्याला कोणी विचारत नाही ते वाळवून पोत्यात भरतात, तीच कुटी. आम्ही बायका ती उन्हात पसरून वाळू, दगड, प्लॅस्टिक, जाळ्याचे तुकडे वेचून काढायचो. मग ती दळायला जायची.

समुद्र मी पाहिलेला नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पुस्तकात माशाचं एकच चित्र होतं, म्हणून मासा म्हणजे एकाच तऱ्हेचा असं मला वाटायचं. ढिगात हात घातला तर एकासारखा दुसरा नसे. पट्ट्यासारखी लांब वाकटी, भाकरीसारखा चपटा, घोड्याच्या तोंडाचा, शेपटीला काटा असलेला, आठ पायांचा. खेकडे, शंख, वाळून दोरी झालेले साप. रुपयाएवढी पापलेटं तर मूठमूठभर. एवढंसं पिल्लू कशाला धरलं असेल, असं एकदा मी मोठ्याने म्हणाले. जाऊ म्हणाली, "जाळ्याला काय वय कळतंय व्हय."

दुपारी भाकरी सोडली की ज्या त्या बाईने ढिगातून हवा तो मासा उचलायचा, धुवायचा आणि पत्र्यावर भाजायचा, अशी रीत पडली होती. मालक बघायचा, बोलायचा नाही. मी खात नव्हते. तोंडात दात नाहीत. आम्हा देशावरच्या माणसांना मासा म्हणजे काटा. ज्यात काटा कमी तो चांगला, एवढंच आमचं ज्ञान. माझी जाऊ बिनकाट्याचा मासा शोधण्यात पटाईत होती. त्या दिवशी तिला एक जाडजूड मिळाला. अंगावर खवले नाहीत, तोंड पोपटाच्या चोचीसारखं.

"ह्यो बघा, बाई. निस्तं मास हाय. तुमच्या बोळक्यालाबी चालंल."

"मला नगं. तूच गीळ."

तिने भाजला, खाल्ला. शेजारी बसणाऱ्या बाईलाही एक तुकडा दिला.

पत्रा निवाला नसेल तोवर ती म्हणाली, "मिरची लई तिखट हाय का आज? ओठाला मुंग्या आल्यात." मग हातातला तांब्या सुटला. उठायला गेली तर पाय लटपटले. पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं.

सगळी गिरणी गोळा झाली. पापण्या पडल्या म्हणजे मण्यार चावली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोत्यांच्या थप्पीत मण्यार असणार म्हणून गडी काठ्या घेऊन धावले. बायकांनी तिचे पाय तपासले, दाताची खूण सापडेना. एकाने कडुलिंबाचा पाला आणून तिच्या तोंडात घातला.

"कडू लागतोय का?"

तिने मान हलवली. नाही.

कडुलिंब कडू लागत नाही म्हणजे विष चढलं. झालं, शिक्कामोर्तब झालं. तोवर माझा दीर येऊन पोचला होता. तो म्हणाला, देवळात नेऊ, तिथे साप उतरवतात. तिला गिरणीच्या गाडीत घातलं, गाडी सुरूसुद्धा झाली.

मी गाडीच्या पुढे उभी राहिले. "तिची जीभ बधिर झालीय. आत्ता तिला साखरबी गोड लागायची न्हाई."

"वैनी, वेळ घालवू नका."

तेवढ्यात शेजारची बाई तोंड पुसत म्हणाली, "माझेबी ओठ बधिर झालेत."

"घ्या," मी म्हणाले. "साप दोघींच्या ओठाला चावला का? दोघींनी मासा खाल्लाय. दवाखान्यात घ्या, न्हाईतर माझ्या अंगावरनं गाडी न्या."

पत्र्याशेजारी पडलेलं माशाचं डोकं मी पदरात बांधलं आणि गाडीत बसले. दुसरीला वाटेतच ओकारी झाली. श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी डोकं पाहिलं, जावेचे डोळे पाहिले आणि म्हणाले, "साप असो की मासा, आता श्वास महत्त्वाचा." त्यांनीच रुग्णवाहिका बोलावली.

पिशवी मी नगरपर्यंत दाबली. मनगटाला पेटके आले. बरोबरचा डॉक्टर म्हणाला, ह्यांच्याकडे द्या. मी दिराकडे पाहिलं. मी दिली नाही. मोठ्या दवाखान्यात तिला श्वासाच्या मशीनवर घातलं तेव्हा डॉक्टरीण बाई म्हणाल्या, या विषाला उतारा नाही, ते आपोआप ओसरतं. तोवर श्वास चालू ठेवायचा.

"मग ठेवा चालू," मी म्हणाले. "मी हितंच हाय."

दुसऱ्या दिवशी कुटीच्या ट्रकचा ड्रायव्हर दवाखान्यात आला. तो किनाऱ्यावरचा, आधी बोटीवर काम केलेला. गिरणीतला ढीग उपसून तसलेच मासे पिशवीत घालून घेऊन आला होता.

"हा केंड, मावशी. आमच्याकडे पोरंसुद्धा ओळखतात याला. विषारी असतो, कोणी खात नाही."

"मग आमच्याकडं कशाला पाठवता?"

"कोण निवडत बसणार? जाळं तळ खरवडत जातं. भावाचं उचलायचं, बाकी फावड्याने ओढायचं. पूर्वी कुटी थोडी असायची. आता मासळी थोडी आणि कुटीच जास्त. पिल्लंच येतात सगळी. मोठी कुठून व्हायची?"

मागाहून मालक आला. म्हणाला, कुटी कोंबड्यांसाठी आहे, तुम्हाला खायला कोणी सांगितलं होतं? मी त्याला एवढंच सांगितलं की ड्रायव्हरने उभं राहून केंड निवडून दिल्याशिवाय एक बाई ढिगाला हात लावणार नाही, आणि पत्र्यावर मासा भाजणं मी स्वतः बंद करीन. त्याने मान डोलावली. बायका माझ्यावर चिडल्या, अजून चिडतात. चिडू देत. समुद्रातली पिल्लं ओरबाडून कोंबड्यांना घालणं मला पटत नाही. पण कोंबडी मी खाते, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

जावेचा आधी पायाचा अंगठा हलला, मग बोटं. नळी काढल्यावर घसा बसला होता. नवरा वाकून विचारायला लागला, पाणी देऊ का?

"मला समदं ऐकू येत हुतं," ती म्हणाली.

"काय ऐकू येत हुतं?"

"गेली म्हनालात. सोडा म्हनालात."

दीर पाणी आणायला उठला. मग ती माझ्याकडे वळली. "आन् तुमी लई जोरात दाबत हुता, बाई. बरगड्या दुखत्यात."

"दुखू दे."

तो मासा दोघींनी खाल्ला होता. दुसरी एक रात्र श्रीगोंद्याच्याच दवाखान्यात काढून घरी गेली. माझी जाऊ त्यानंतर काही दिवसांनी आपल्या पायांनी चालत घरी आली. दोघी जगल्या.